सांदवाडीची रात्र

अश्विन लागला की वैनगंगेकाठच्या मार्कंड्यातली माझी आत्या पहाटे अनवाणी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसबागेत उतरते. कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या धानाच्या तणशीचा ढीग असतो. त्यावर ती पाय देते, तळवा हाताने चाचपते आणि घरात परतते. तळवा कोरडा निघाला तर धने डब्यातच राहतात. ज्या दिवशी तळव्याला दवाचं पाणी लागेल, त्या दिवशी सांबार, म्हणजे कोथिंबीर पेरायची, असा तिचा हिशेब आहे.

मी गडचिरोलीत घर केलं त्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. गणपती उठले, आभाळ भरलेलं होतं, हवा गार वाटत होती. मी धने टाकले आणि भेदऱ्यांची, म्हणजे टोमॅटोची रोपं लावली. निम्मे धने उगवलेच नाहीत. जे उगवले ते चार बोटं वाढून फुलावर आले, खायला पानच मिळालं नाही. भेदऱ्यांना फुलं भरपूर आली, पण रोज सकाळी देठाच्या गाठीपाशी तुटून खाली पडलेली दिसायची. बियाण्याच्या दुकानदाराने खत कमी पडल्याचं सांगितलं म्हणून मी युरिया घातला. झाड हिरवंगार झालं, फुलं आणखीच गळली. आत्या आली, झाडाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘दिवस नोको पाहू बाबू. रात पाह्य.’’

या एका वाक्यात इथल्या परसबागेचं सगळं शास्त्र आहे, असं मला आता वाटतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पट्टा उन्हाळ्यात 46-47 अंशांपर्यंत तापतो, हे राज्यभर माहीत आहे. या भागाला दुसरा उन्हाळाही असतो. ऑक्टोबरात मोसमी वारे माघारी फिरतात, आभाळ निवळतं आणि ओल्या जमिनीवर थेट ऊन पडतं. दिवस 33-34 अंशांचा, म्हणजे मे महिन्यापुढे काहीच नाही. पण हवेत वाफ असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडत असते, तिला ही वाफ अडवून धरते. त्यामुळे रात्र निवत नाही. उत्तरेकडून कोरडी हवा यायला लागली की हे पांघरूण निघतं आणि पारा झपाट्याने उतरतो. सप्टेंबरात 23-24 अंशांवर अडलेली रात्र नोव्हेंबर सरता सरता 15च्या आसपास येते. त्या काळात दुपार फारशी बदललेली नसते. दुपारच्या उन्हावर अंदाज बांधणारा माणूस म्हणूनच फसतो.

भेदऱ्याचं फूल उमलतं दिवसा, पण फळ धरायचं की नाही हे बरंचसं रात्रीवर ठरतं. रात्र 21-22 अंशांच्या वर राहिली की परागकण नीट तयार होत नाहीत, फलन होत नाही आणि झाड फूल टाकून देतं. 15 ते 20 अंशांची रात्र मिळाली की तेच झाड फळांनी वाकतं. सांबार, पालक, मेथी यांचं दुखणं थोडं वेगळं. माती तापलेली असेल तर त्यांचं बी नीट उगवत नाही, आणि उगवलंच तर सांबार घाईने फुलावर जातो. वाटाण्याला तर त्याहून गार हवा लागते, त्याला दिवाळीआधी हातही लावू नये.

आत्याच्या मांडवावरच्या वालाचा हिशेब निराळा आहे, पण तोही रात्रीचाच. वाल आषाढात लावतात. सगळा पावसाळा तो नुसता पसरतो, एक फूल दाखवत नाही. नव्या माणसाला वाटतं, वेल वांझ आहे, उपटून टाकावा. पण वाल रात्रीची लांबी मोजत असतो. आपल्याकडे जूनमध्ये रात्र सुमारे पावणेअकरा तासांची असते, डिसेंबरात ती तेरा तासांवर जाते. अंधार पुरेसा लांबला की वेलाला जांभळे-पांढरे तुरे येतात. अंबाडी आणि शेवंतीही अशाच रात्र मोजणाऱ्या. म्हणून रात्रभर दिवा जळणाऱ्या खांबाखाली वालाचा मांडव घालू नये. तिथे वेलाला अंधार लांबल्याचं कळतच नाही आणि फुलं उशिरा येतात.

ऊनही या दिवसांत जागा बदलतं. जूनमध्ये दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर असतो, भिंतीला सावली जवळजवळ नसतेच. सप्टेंबरअखेर दहा फुटी भिंतीची दुपारची सावली उत्तरेला सुमारे चार फूट जाते, डिसेंबरात साडेनऊ फूट. घराच्या उत्तरेला केलेला वाफा आज उन्हात दिसतो आणि भेदरे धरायच्या वेळी सावलीत सापडतो. रोपं लावण्याआधी दोर धरून ही सावली मोजावी. कुंडीवाल्यांनी पश्चिमेची तापणारी भिंत मात्र टाळावी, कारण ती भिंत संध्याकाळी उष्णता सोडत राहते आणि कुंडीची रात्र निवू देत नाही.

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. त्या काठावरचं महादेवाचं देऊळ पाहायला माणसं येतात, पण काठची माती पाहायला कोणी थांबत नाही. इथे जमिनीला नावं आहेत: कन्हार, मोरंड, खर्डी, बरडी. नदीच्या गाळाची ती कछार. ऑगस्ट 2020च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडले, वैनगंगेला मोठा पूर आला आणि काठच्या गावांत पाणी शिरलं. असा पूर ओसरला की वाडीत गाळाचा थर राहतो. गाळ आला म्हणजे माती सुपीक झाली असं समजून लोक लगेच वाफे पाडतात. मला हे पटत नाही. ओला गाळ वरून झाकणासारखा बसतो, खालच्या मुळांना हवा मिळत नाही, आणि ओला असताना खणला तर त्याची विटेसारखी ढेकळं होतात. मूठभर माती दाबून गोळा करावा, अंगठ्याने ढकलावा. तो भुगा होऊन पडला तरच कुदळ घालावी. मग कुजलेली तणस आणि शेणखत मिसळावं. ताजी तणस मातीत घालू नये, ती वरून पसरावी. याच दिवसांत धान कापणीला येतं, तणस घरोघरी मिळते. वाफ्यावर दोन बोटं जाड थर दिला तर दुपारी माती तापत नाही आणि पाणी टिकतं.

नदी उतरली की वाळूतही वाड्या होतात. धीवर कुटुंबं ओल लागेपर्यंत वाळूत खड्डे घेतात, त्यात शेणखत भरतात आणि डांगर, टरबूज, काकडी लावतात. सांदवाडीत एक वाफा चुकला तर भाजी विकत आणावी लागते, वाळूतली वाडी वाहून गेली तर घराचा उन्हाळा जातो. आता वर गोसीखुर्द आहे, चामोर्शी तालुक्यात 38 दरवाज्यांचं चिचडोह बॅरेज आहे. पाणी केव्हा चढेल आणि केव्हा उतरेल, हे नदी एकटी ठरवत नाही. दरवाजे उघडण्याची सूचना वाळूत बसलेल्या माणसापर्यंत वेळेत पोचलीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीत सांगावी लागते. सांदवाडी दाट वाढू देऊ नका. मागच्या दारातून कुंपणापर्यंत नजर गेली पाहिजे. इथे वाघ-बिबट्या घरामागच्या झुडपापर्यंत येतात, आणि पहाटे वाडीत जाणारी बहुतेक बाईच असते. मांडव माणसाच्या डोक्यापेक्षा उंच बांधावा, खाली रान ठेवू नये. आत्याही आता अंधारात उतरत नाही, फटफटलं की जाते, हातात काठी घेऊन.

बियाणं ती विकत आणत नाही. उकाड्यात ज्या झाडाने सगळ्यांत आधी फळ धरलं, त्याला ती चिंधी बांधते. ते फळ कोणी तोडायचं नाही. बी राखेत घोळवून मडक्यात जातं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना मोठी जमीन. आत्याच्या चिंधीमागे तीच नजर आहे असं मी मानतो. तिच्या भेदऱ्याचं बी आता माझ्याकडेही आहे. कोजागिरीच्या सुमारास रोप टाकलं, दिवाळीनंतर वाफ्यात लावलं, की पौषात पहिली फळं येतात आणि महाशिवरात्रीच्या जत्रेला पाहुणे येतात तेव्हा झाड भरात असतं.

यंदा कोजागिरी होऊन चार दिवस झाले आणि सकाळी सहाला फोन आला. ‘‘बाबू, आज पाय भिजले.’’ मी धन्याचा डबा काढला. धने फरशीवर पसरून लाटण्याने हलके रगडले. एका धन्यात दोन बिया असतात, त्या सुट्या व्हायला हव्यात. मग ते रात्रभर भिजत घातले.