गीत, हालचाल आणि परभाषेतील शब्द : भंडारदरा परिसराच्या संदर्भात एक टिपण

लहान मुलांना परभाषेतील शब्द गाण्यातून व हालचालींतून शिकवावेत, हे मत आता बहुतेक सर्वमान्य झाले आहे. स्पॅनिश शिकविणाऱ्या बालवर्गांत मुले डोक्याला हात लावून ‘काबेसा’, हात पुढे करून ‘मानो’, पाय उचलून ‘पिए’ असे गातात; आपल्याकडील अभिनयगीतांचे तत्त्वही तेच होय. परंतु गीत आणि हालचाल ही जोडी आपण एका दमात उच्चारतो व दोहोंचे कार्य एकच असावे असे गृहीत धरतो. वस्तुतः ती कार्ये भिन्न आहेत. हा भेद स्पष्ट करणे व मराठीच्या अध्यापनाशी त्याचा काय संबंध पोहोचतो हे पाहणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मराठी मुलांना मराठी शिकविण्याचा प्रश्न परभाषेच्या सदरात का घालावा, अशी शंका येथे येईल. अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, प्रवरेवर 1926 मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या सभोवती शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर इत्यादी गावे वसली आहेत. वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर यांची. ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या सातव्या, म्हणजे मराठीस वाहिलेल्या, खंडात (1905) ठाकरी व कोळी यांची नोंद मराठीच्या बोली म्हणून झालेली आहे. हे वर्गीकरण भाषाशास्त्रदृष्ट्या योग्यच आहे. शाळेच्या दृष्टीने मात्र ते काहीसे फसवे ठरते. स्पॅनिश शिकविणारा शिक्षक, समोरच्या मुलाला काहीच येत नाही हे जाणूनच वर्गात पाऊल टाकतो. मराठी शिकविणारा मात्र मुलाला सारे येते असे धरून चालतो. भाषा दूरची असली म्हणजे अंतर दिसते. जवळची असली म्हणजे ते झाकले जाते, आणि त्याचे ओझे एकट्या मुलावर पडते.

आता गीताकडे वळू. एडिंबरा विद्यापीठातील एका प्रयोगात (2014) 60 प्रौढांना हंगेरियन वाक्प्रयोग तीन रीतींनी शिकविण्यात आले : साधे बोलून, तालात बोलून व गाऊन. गाऊन शिकलेले लोक ते वाक्प्रयोग जसेच्या तसे म्हणून दाखविण्यात पुढे होते. ‘जसेच्या तसे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गीत ओळ टिकविते. परंतु ओळीतला प्रत्येक शब्द सुटा होऊन हाती येतोच असे नाही. चालीच्या ओघात शब्दाची सीमा पुसली जाते. मागचा शब्द पुढच्याला ओढून आणतो. लहानपणी पाठ केलेली आरती मोठेपणी कागदावर उतरवून पाहावी, म्हणजे किती ठिकाणी आपण अर्थाऐवजी केवळ नाद म्हणत होतो ते ध्यानात येते.

हालचालीचे कार्य याच्या उलट. फ्रान्समध्ये मारिओं तेलिए यांनी सरासरी साडेपाच वर्षांच्या 20 मुलांना 8 इंग्रजी शब्द शिकविले (2008). काहींनी चित्र पाहून शब्द उच्चारला, काहींनी हावभाव स्वतः करून उच्चारला. पुढे शब्द आपण होऊन सांगण्यात दुसरा गट सरस ठरला. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये; तथापि तो जुन्या अनुभवाशी जुळतो. हॅरल्ड पामर यांनी टोकियोत 1925 मध्ये कृतींतून इंग्रजी शिकविण्याचे पुस्तक प्रसिद्ध केले होते, आणि कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी 1960 च्या दशकात आज्ञा ऐकून ती शरीराने पाळण्याची पद्धती मांडली. स्पॅनिशवरही त्यांनी ती पुढे तपासली. आज्ञा पाळताना शब्द एकटा उभा राहतो, कारण ‘बस’ ऐकून उठणारे मूल तत्काळ उघडे पडते.

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषेस लागू पडेल. परंतु स्पॅनिशची रीत मराठीत जशीच्या तशी आणता येणार नाही, आणि त्याचे कारण व्याकरणात आहे. स्पॅनिश नामाला विभक्तीचा विकार नाही. ‘काबेसा’ म्हणजे डोके. ‘सोब्रे ला काबेसा’ म्हणजे डोक्यावर. नाम दोन्हीकडे एकच. मराठीत मात्र ‘डोके’चे ‘डोक्या-’ होते, ‘गुडघा’चे ‘गुडघ्या-’, ‘मान’चे ‘माने-’, ‘पाणी’चे ‘पाण्या-’. एकेका अवयवाचे नाव घेऊन त्यास स्पर्श करणारे गीत स्पॅनिशमध्ये पुरेसे काम करते; मराठीत ते अर्धेच करते, कारण पाठ्यपुस्तकात मुलाला शब्द बहुधा सामान्यरूपात भेटतो. त्यातून घरी ‘डोकं’ म्हणणाऱ्या मुलापुढे पुस्तकात ‘डोके’ येते, ही आणखी एक पायरी. म्हणून ‘डोके हालव’, ‘डोक्यावर हात ठेव’, ‘डोक्याला पाणी लाव’ अशा आज्ञा एकाच खेळात यावयास हव्यात. ही सारी रूपे एकाच वस्तूची आहेत, हे मुलाला नियम सांगून नव्हे तर स्वतःच्या हाताने कळते.

उलटपक्षी, गीताचा ‘जसेच्या तसे’ हा गुण लिंगाच्या बाबतीत फार उपयोगी पडतो. स्पॅनिश ‘मानो’ हा शब्द ओकारान्त असूनही स्त्रीलिंगी आहे. ‘ला मानो’ असे एकत्र गाणाऱ्या मुलाला तो अपवाद शिकवावा लागत नाही. तीच गोष्ट ‘उजवा हात’, ‘उजवी मूठ’, ‘उजवे कोपर’ यांची. येथे शब्द सुटा न होणे हेच हिताचे. तेव्हा कोणता घटक चालीत बांधावा आणि कोणता आज्ञेने सोडवावा, याचा विचार गीत रचणाऱ्याने आधी केला पाहिजे. पुष्कळ बालगीतांत तो केलेला दिसत नाही. यमक जुळले की रचनाकार समाधान पावतो.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला जे कार्य केले, त्यातील एक सूत्र या संदर्भात मोलाचे वाटते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली. म्हणजे मूल ज्या हालचालीत गुंतलेले आहे तेथून आरंभ केला. भंडारदरा परिसरात अशा हालचालींची वाण नाही. ठाकरांचे कांबड व फुगडीचे नाच आहेत, बोहाड्यातील सोंगे आहेत, पावसाळ्यात भाताची आवणी आहे. वाकणे, रोप उपटणे, रोवणे, मागे सरणे या क्रिया तेथील सहा वर्षांच्या मुलाने पाहिलेल्या असतात. त्या क्रियेस घरचा शब्द आधी व शाळेचा शब्द त्याच्या शेजारी असा क्रम ठेवल्यास घरचा शब्द अशुद्ध ठरत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (2020) एकीकडे घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे व दुसरीकडे माध्यमिक स्तरावर शिकावयाच्या परकीय भाषांत स्पॅनिशचेही नाव घेतले आहे. पहिली गोष्ट साधली नाही तर दुसरीची वार्ता या गावांपुरती दूरच राहील.

शेवटी परीक्षणाविषयी. समूहगीतात न समजलेले मूल शेजाऱ्याकडे पाहून अर्ध्या मात्रेने मागाहून हात उचलते. गलबल्यात ते कोणाच्या लक्षात येत नाही. यावर उपाय सोपा आहे. गीत आठवडाभर म्हणून झाल्यावर चाल काढून टाकावी, आज्ञांचा क्रम बदलावा, शिक्षकाने स्वतःचे हात पाठीमागे बांधावेत, आणि मुलांना तिघातिघांच्या गटात, एकमेकांकडे पाठ करून उभे करावे. गाण्यात सर्वांत पुढे असणारी काही मुले या वेळी स्तब्ध उभी राहतात. त्या मुलांची नावे टिपून दुसऱ्या दिवसाचे गीत त्यांच्या अडलेल्या शब्दांपासून सुरू करावे.