युद्ध आणि साम्यवादोत्तर देश : गैरसमज आणि वस्तुस्थिती

साम्यवादोत्तर देश ही संज्ञा मध्य आणि पूर्व युरोप, कॉकेशस आणि मध्य आशियातील त्या देशांसाठी वापरली जाते, जेथे 1989 ते 1991 या काळात एकपक्षीय साम्यवादी राजवट संपुष्टात आली आणि बहुपक्षीय निवडणुका व खुली बाजारपेठ यांचा स्वीकार झाला, किंवा निदान तसा स्वीकार केल्याचे जाहीर झाले. रशियाने 24 फेब्रुवारी 2022 रोजी युक्रेनवर चौफेर आक्रमण केले तेव्हा मराठी वाचकाचे लक्ष या प्रदेशाकडे वळले, ते मुख्यतः तेथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे, ज्यांच्यासह 22 हजारांहून अधिक भारतीयांना ‘ऑपरेशन गंगा’द्वारे मायदेशी आणण्यात आले, आणि काही अंशी सूर्यफुलाच्या तेलाच्या चढलेल्या भावामुळे. त्यानंतरची चर्चा मात्र लवकरच अमेरिका विरुद्ध रशिया या चौकटीत जाऊन बसली, आणि पोलंड, मोल्दोव्हा, जॉर्जिया किंवा आर्मेनिया या देशांना स्वतःचा इतिहास, स्वतःची भीती आणि स्वतःचे अंतर्गत राजकारण आहे, ही गोष्ट त्या चौकटीत दिसेनाशी झाली. पुढे ज्या समजुतींचा विचार केला आहे, त्यांपैकी बहुतेक याच चौकटीतून निपजल्या आहेत.

गैरसमज : युद्धाला 2022 मध्ये सुरुवात झाली

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर अवघ्या काही महिन्यांत, 1992 मध्ये, मोल्दोव्हाच्या पूर्व सीमेवरील ट्रान्सनिस्ट्रिया या पट्ट्यात लढाई झाली आणि तेव्हापासून तेथे रशियन सैनिक तैनात आहेत. ऑगस्ट 2008 मध्ये रशिया आणि जॉर्जिया यांच्यात पाच दिवसांचे युद्ध झाले, त्यानंतर रशियाने अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया या प्रांतांना स्वतंत्र राष्ट्रे म्हणून मान्यता दिली आणि जॉर्जियाचा सुमारे एक पंचमांश भूभाग त्या देशाच्या सरकारच्या हाताबाहेर गेला. युक्रेनमध्ये 2014 साली क्रिमिया रशियाने जोडून घेतला आणि पूर्वेकडील दोनबास भागात जो संघर्ष पेटला, त्यात 2022 पूर्वीच 14 हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. अशा अनिर्णित लढायांना गोठलेले संघर्ष म्हणण्याची प्रथा आहे. शांतता करार झालेला नाही, गोळीबार बहुतांशी थांबलेला आहे आणि ज्या देशाचा भूभाग अडकला आहे त्याचे परराष्ट्र धोरण कायमचे ओलीस राहिले आहे, अशी ती अवस्था असते. 2022 चे आक्रमण या तीन दशकांच्या मालिकेतील सर्वांत भीषण टप्पा होय.

गैरसमज : पाश्चात्त्यांनी नाटो पूर्वेकडे रेटली, म्हणून हे सारे घडले

या समजुतीत सत्याचा काही अंश आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी फेब्रुवारी 1990 मध्ये सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्याशी बोलताना नाटोची कक्षा पूर्वेकडे एक इंचही सरकणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढले होते, हे नोंदलेले आहे. ते बोलणे जर्मनीच्या एकीकरणासंदर्भात झाले होते आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या करारात पूर्व जर्मनीच्या भूमीवर परकीय सैन्य व अण्वस्त्रे ठेवण्यावर बंदी घालण्यात आली. त्यापलीकडच्या देशांबद्दल कोणतेही लेखी बंधन स्वीकारले गेले नाही. तोंडी शब्दांचे नैतिक वजन किती मानायचे, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे.

या वादात जी गोष्ट सहसा सांगितली जात नाही ती अशी, की सदस्यत्वासाठी धडपड केली ती त्या देशांनीच. पोलंडमधून शेवटचे रशियन सैनिक 1993 मध्ये आणि एस्टोनिया व लॅटव्हिया येथून 1994 मध्ये परतले. अर्धे शतक परकीय सैन्य सोसलेल्या समाजांना सामूहिक संरक्षणाची, म्हणजे एका सदस्यावरील हल्ला सर्वांवरील हल्ला मानण्याच्या नाटोच्या कलम 5 मधील तत्त्वाची, ओढ वाटणे स्वाभाविक होते. ऑगस्ट 1993 मध्ये वॉर्सा येथे रशियाचे राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख वाउएन्सा यांच्यासमवेत केलेल्या निवेदनात पोलंडचा नाटोप्रवेश रशियाच्या हिताविरुद्ध नसल्याचे मान्य केले होते, जरी काही आठवड्यांतच त्यांनी ती भूमिका बदलली. 1999 मध्ये पोलंड, हंगेरी व चेक प्रजासत्ताक आणि 2004 मध्ये तिन्ही बाल्टिक देश धरून आणखी सात देश सदस्य झाले. तरीही 1997 मध्ये रशियाशी झालेल्या समझोत्याला धरून या नव्या सदस्यदेशांत मोठे लढाऊ सैन्य कायमस्वरूपी ठेवले गेले नव्हते. पोलंड आणि बाल्टिक देशांत बहुराष्ट्रीय तुकड्या पाठवण्याचा निर्णय झाला तो 2016 साली, म्हणजे क्रिमिया घेतल्यानंतर.

युक्रेनची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्या देशाने 5 डिसेंबर 1994 च्या बुडापेस्ट कराराने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडून दिली आणि बदल्यात रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे वचन दिले, पण ते मोडल्यास सैन्य पाठवण्याचे बंधन कोणी पत्करले नाही. व्हिक्टर यानुकोविच यांच्या कारकिर्दीत 2010 साली युक्रेनने अलिप्ततेचा कायदा केला आणि क्रिमियातील सेव्हास्तोपोल येथील रशियन नौदल तळाची मुदत 2042 पर्यंत वाढवून दिली. क्रिमिया गेला तेव्हा हा अलिप्ततेचा कायदा लागूच होता. तो रद्द झाला डिसेंबर 2014 मध्ये. ज्या देशाची तटस्थता कायद्यात लिहिलेली होती त्याचाच भूभाग हिरावला गेला, हे पाहिल्यावर शेजारच्या राजधान्यांनी तटस्थतेविषयी जो निष्कर्ष काढला, तो त्यांना वॉशिंग्टनने शिकवण्याची गरज नव्हती. पाश्चात्त्यांची खरी चूक एप्रिल 2008 च्या बुखारेस्ट परिषदेत झाली, असे म्हणता येईल: युक्रेन आणि जॉर्जिया पुढे कधीतरी सदस्य होतील असे जाहीर करण्यात आले, पण त्यासाठीचा कार्यक्रम किंवा मधल्या काळातील संरक्षण यांपैकी काहीही देण्यात आले नाही, आणि त्यामुळे मॉस्कोची नाराजी तेवढी त्यांच्या वाट्याला आली.

गैरसमज : या देशांना एक तर पश्चिमेकडे जावे लागते, नाहीतर रशियाकडे

रशियाच्या नेतृत्वाखाली सामूहिक सुरक्षा करार संघटना नावाची एक लष्करी संघटना आहे, जिच्या करारातही एका सदस्यावरील हल्ला सर्वांवरील हल्ला मानण्याचे कलम आहे. आर्मेनिया तिचा सदस्य. सप्टेंबर 2022 मध्ये अझरबैजानी सैन्याने खुद्द आर्मेनियाच्या हद्दीत हल्ले केले तेव्हा येरेव्हानने मदत मागितली, पण संघटनेने पाहणी पथकाच्या पुढे काही पाठवले नाही. पुढील वर्षी, सप्टेंबर 2023 मध्ये, रशियन शांतिसैनिक तैनात असतानाच आर्मेनियन वस्तीचा नागोर्नो-काराबाख हा प्रदेश अझरबैजानने अवघ्या एका दिवसात ताब्यात घेतला आणि 1 लाखाहून अधिक आर्मेनियन माणसे घरदार सोडून निघाली. युक्रेनमध्ये गुंतलेल्या रशियाला कॉकेशसमध्ये अझरबैजान व तुर्कस्तान यांना दुखावणे परवडणारे नव्हते, हा त्याचा अर्थ आर्मेनियात सर्वांना कळला. पंतप्रधान निकोल पाशिनियान यांच्या सरकारने 2024 च्या आरंभी त्या संघटनेतील सहभाग गोठवला आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे सदस्यत्व घेतले. मात्र ग्युमरी येथील रशियन तळ कायम राहिला, रशियाप्रणीत आर्थिक संघातील सदस्यत्वही सुटले नाही, आणि शस्त्रांसाठी फ्रान्सबरोबर भारताचेही दार ठोठावण्यात आले. आर्मेनियाने भारताकडून घेण्याचे ठरवलेली पिनाका ही अग्निबाणप्रक्षेपक प्रणाली पुण्यातील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत विकसित झालेली आहे, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. एकाच वेळी अनेक आधार शोधण्याचे हे राजनय दुबळेपणाचे लक्षण मानले जाते, पण छोट्या देशाच्या दृष्टीने त्यात मोठे शहाणपण आहे.

कझाकस्तानचे वर्तन याच जातीचे. जानेवारी 2022 मध्ये तेथील दंगली शमवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष कासिम-जोमार्त टोकायेव यांनी याच संघटनेचे सैन्य बोलावले, आणि पाच महिन्यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे पुतिन यांच्या शेजारी बसून त्यांनीच दोनबासमधील दोनेत्स्क आणि लुहान्स्क या कथित प्रजासत्ताकांना मान्यता देण्यास नकार दिला. कझाकस्तानचे बहुतांश तेल रशियातून जाणाऱ्या वाहिनीनेच समुद्रापर्यंत पोहोचते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नकाराची किंमत कळते.

गैरसमज : निवडणुका न घेणारा युक्रेन आता लोकशाही देश उरला नाही

राष्ट्राध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की यांचा पाच वर्षांचा कार्यकाल मे 2024 मध्ये पूर्ण झाला आणि नवी निवडणूक झाली नाही, एवढ्यावरून त्यांना हुकूमशहा ठरवले जाते. युद्धकालीन लष्करी कायदा लागू असताना निवडणुका घेण्यास युक्रेनच्या कायद्याने 2022 पूर्वीपासूनच मनाई आहे, राज्यघटनेचे कलम 83 अशा काळात संसदेची मुदत आपोआप वाढवते, आणि या लष्करी कायद्याला ठरावीक अवधीने संसदेची पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. देशाचा सुमारे पाचवा हिस्सा परकीय ताब्यात आणि लाखो मतदार परदेशी किंवा खंदकात असताना झालेले मतदान किती न्याय्य ठरेल, हा प्रश्न उरतोच; ब्रिटननेही 1935 नंतरची सार्वत्रिक निवडणूक 1945 मध्ये घेतली होती.

चिंतेच्या जागा निराळ्या आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मार्च 2022 मध्ये रशियाशी संबंध असल्याच्या कारणावरून 11 पक्षांचे कामकाज स्थगित झाले, प्रमुख वाहिन्यांच्या बातम्या एकाच सामाईक प्रसारणात बांधल्या गेल्या, आणि 22 जुलै 2025 रोजी भ्रष्टाचारविरोधी तपास यंत्रणा व विशेष अभियोक्ता कार्यालय यांची स्वायत्तता काढून घेणारा कायदा संसदेने घाईघाईने संमत केला. पण हवाई हल्ल्यांच्या छायेतही कीव्ह, ल्विव्ह, द्निप्रो येथे तरुण पुठ्ठ्याचे फलक घेऊन रस्त्यावर आले, युरोपीय संघानेही दबाव आणला, आणि 31 जुलैला ती स्वायत्तता पुन्हा बहाल करावी लागली. त्याच यंत्रणांनी ऊर्जा क्षेत्रातील गैरव्यवहाराचा जो तपास केला, त्यात राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख आंद्री येरमाक यांच्या घराची झडती झाली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांना पद सोडावे लागले. सत्ताधाऱ्याच्या निकटवर्तीयांपर्यंत पोहोचणारी तपासयंत्रणा युद्धातही जिवंत राहिली, ही युक्रेनी नागरिकांची मोठी कमाई आहे.

गैरसमज : शेजारच्या युद्धाने लोकशाही एक तर भक्कम होते, किंवा ढासळते

युद्धाचा परिणाम एकसारखा होत नाही; तेथील न्यायालये, पक्ष आणि माध्यमे आधी कोणत्या अवस्थेत होती, त्यावर तो अवलंबून असतो. हंगेरीत पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी एप्रिल 2022 ची निवडणूक विरोधक देशाला युद्धात ओढतील अशा प्रचारावर लढवून दोनतृतीयांश बहुमत मिळवले, आणि मे 2022 मध्ये शेजारील देशातील युद्ध हेही आणीबाणीचे कारण ठरावे अशी घटनादुरुस्ती करून त्यांचे सरकार अध्यादेशांनी कारभार करू लागले. पोलंडमध्येही 2023 साली रशियन प्रभावाची चौकशी करण्याच्या नावाखाली एक आयोग स्थापण्याचा कायदा झाला, ज्याचा रोख विरोधी पक्षनेते डोनाल्ड टुस्क यांच्यावर असल्याची टीका झाली. पण तेथील विरोधी पक्ष आणि स्वतंत्र माध्यमे शाबूत असल्यामुळे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 74 टक्क्यांहून अधिक मतदान होऊन सत्तांतर घडले.

जॉर्जियाचा अनुभव सर्वांत दुःखद म्हणावा लागेल. 2024 च्या निवडणुकीत सत्तारूढ ‘जॉर्जियन ड्रीम’ पक्षाने बेचिराख युक्रेन आणि शांत जॉर्जिया यांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून 2008 च्या आठवणींना साद घातली. त्याआधी मे 2024 मध्ये, परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना परकीय हितसंबंधांच्या वाहक म्हणून नोंदणी करायला लावणारा कायदा, राष्ट्राध्यक्ष सालोमे झुराबिश्विली यांचा नकाराधिकार डावलून लागू करण्यात आला होता. 28 नोव्हेंबर 2024 रोजी पंतप्रधान इराक्ली कोबाखिद्झे यांनी युरोपीय संघाशी प्रवेशाची बोलणी 2028 अखेरपर्यंत न करण्याचे जाहीर केले, वास्तविक युरोपशी एकात्मता साधण्याचे बंधन खुद्द तेथील राज्यघटनेत आहे. तिबिलिसीच्या रुस्तावेली मार्गावर त्यानंतर महिनोन्‌महिने निदर्शने चालली. युद्धाची खरी आठवणच येथे लोकशाहीविरुद्ध वापरली गेली.

मोल्दोव्हा याच्या उलट दिशेने गेला, पण अगदी काठावरून. युरोपीय संघात जाण्याचे उद्दिष्ट घटनेत लिहावे की नाही, यावर ऑक्टोबर 2024 मध्ये झालेल्या सार्वमतात 50.35 टक्के कौल अनुकूल पडला, आणि तोही परदेशस्थ नागरिकांच्या मतांमुळे. मते विकत घेण्यासाठी रशियातून पैसा आल्याचा आरोप तेथील प्रशासनाने केला. सप्टेंबर 2025 च्या संसदीय निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष माइया सांडू यांच्या पक्षाला 101 पैकी 55 जागा मिळाल्या. तटस्थतेचे कलम मात्र घटनेत अबाधित आहे.

सर्वांत अवघड प्रश्न भक्कम लोकशाह्यांपुढेच उभा राहतो. एस्टोनियाने मार्च 2025 मध्ये घटनादुरुस्ती करून तेथे स्थायिक असलेल्या रशियन आणि बेलारूसी नागरिकांचा स्थानिक निवडणुकांतील मताधिकार काढून घेतला. शत्रुराष्ट्राच्या नागरिकांनी नगरपालिका निवडू नये, हा सुरक्षेचा युक्तिवाद समजण्याजोगा आहे, पण त्या माणसांतील अनेकांचे आयुष्य तालिन किंवा नार्वा येथेच गेले आहे आणि आक्रमणाचा निर्णय त्यांनी घेतलेला नाही. एस्टोनियाच्या सुरक्षेत यामुळे फारशी भर पडली नाही. आपल्या रशियनभाषक रहिवाशांना राज्याशी बांधून ठेवणारा एक धागा मात्र त्या देशाने स्वतःच्या हाताने तोडला.