नौकावाहक गाडे व सागरी लवण : गोड्या पाण्याने धुण्यामागील रसायन

समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला लोखंडाच्या गंजण्याचे नवल वाटत नाही. खिडकीचे गज, सायकलीची साखळी, दाराच्या बिजागऱ्या या वस्तू देशावर पिढीभर टिकतात; किनाऱ्यावर मात्र थोड्याच पावसाळ्यांत त्यांचे पापुद्रे सुटू लागतात. ‘खारी हवा’ हे याचे कारण सर्वमुखी आहे, आणि ते खोटेही नाही. परंतु हवेतील खारेपणा लोखंडावर नेमके कोणते कार्य करतो व त्याचा प्रतिकार साध्या गोड्या पाण्याने कितपत होऊ शकतो, याचा विचार सहसा केला जात नाही. प्रस्तुत लेखात एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे हा विचार करावयाचा आहे.

ते उदाहरण आपल्याकडे फारसे परिचयाचे नाही. कोकणच्या किनाऱ्यावर लहान होडी माणसांच्या बळावर वाळूवर ओढून घेतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका या देशांत मात्र मासेमारीची वा सहलीची लहान नौका पुष्कळ लोक घराच्या अंगणातच ठेवतात व सुट्टीच्या दिवशी मोटारीमागे जोडलेल्या गाड्यावर घालून समुद्रावर नेतात. या गाड्यास तेथे ट्रेलर म्हणतात. किनाऱ्यावर बांधलेल्या उतारावरून तो मागे मागे सरकवीत पाण्यात नेला की नौका आपोआप तरंगू लागते. परत येताना तोच क्रम उलटा करतात. अर्थात प्रत्येक खेपेस गाड्याची चाके, आस, पाटे व चौकट समुद्रात बुडतात. त्यानंतर गाडा गोड्या पाण्याने स्वच्छ धुवावा, असा सल्ला प्रत्येक अनुभवी नावाडी नवख्यास देतो.

यावर नवख्याची शंका ठरलेली असते. गाडा पाण्यात दहा मिनिटेही नसतो. एवढ्या अल्प काळात लोखंडाचे काय बिघडणार? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तरही सरळ आहे. त्या दहा मिनिटांत फारसे काही बिघडत नाही. जे बिघडते ते गाडा घरी येऊन उभा राहिल्यानंतरच्या दिवसांत व आठवड्यांत बिघडते.

गंजण्याची क्रिया

लोखंडाचे गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. केंब्रिज येथील संशोधक युलिक इव्हान्स यांनी १९२० नंतरच्या दशकात ही गोष्ट एका सुंदर प्रयोगाने डोळ्यांस दिसेल अशी करून दाखविली. मिठाच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन व पोटॅशियम फेरिसायनाइड यांचा अल्प अंश मिसळून त्याचा एक थेंब घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पत्र्यावर ठेवावा. प्रथम थेंबात सर्वत्र निळे व गुलाबी ठिपके उमटतात. काही मिनिटांनी मात्र थेंबाचा मध्य निळा व कडा गुलाबी होते, आणि या दोहोंच्या मध्ये तपकिरी गंजाचे कडे दिसू लागते. निळा रंग लोह विरघळत असल्याची खूण. गुलाबी रंग प्राणवायूचा वापर होऊन अल्क निर्माण होत असल्याची खूण. म्हणजे एकाच थेंबाखाली मध्यभागी धनाग्र व कडेला ऋणाग्र असलेला एक सूक्ष्म विद्युत्-घटच तयार झालेला असतो.

या प्रयोगातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. कडेला हवा जवळ असल्याने प्राणवायू विपुल मिळतो, मध्यभागी तो कमी पोहोचतो. आणि लोखंड झिजते ते जेथे प्राणवायू कमी आहे तेथे. उघड्या पृष्ठभागापेक्षा फटीत, सांध्यात आणि चिखलाच्या थराखाली गंज अधिक खोल का जातो, याचे उत्तर येथे मिळते.

मिठाचे कार्य दुहेरी आहे. सागरजलाच्या दर किलोग्रॅममध्ये सुमारे ३५ ग्रॅम लवणे असतात व त्यांपैकी सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. या लवणांमुळे सागरजलाची विद्युत्-संवाहकता सामान्य पिण्याच्या पाण्याच्या सुमारे शंभरपट भरते, आणि धनाग्र व ऋणाग्र यांमधील प्रवाह सुलभ होतो. शिवाय धातूवर जमू पाहणारा संरक्षक थर क्लोराइड आयन भेदतात. याहून महत्त्वाचे म्हणजे या कार्यात क्लोराइड खर्ची पडत नाही. तयार झालेल्या लोह-क्लोराइडाचे पाणी व प्राणवायू यांच्या साहाय्याने गंजात रूपांतर होताना क्लोराइड पुन्हा मोकळे होते व नव्या लोहावर कार्य करण्यास सिद्ध होते. म्हणून अल्पसे मीठही, ते काढून टाकले नाही तर, दीर्घकाळ आपले काम चालू ठेवते.

वाळलेले मीठ कोरडे राहत नाही

गाडा उन्हात वाळला म्हणजे धोका टळला, ही समजूत येथेच फसते. ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हर्नन यांनी १९३० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, हवेची सापेक्ष आर्द्रता एका विशिष्ट मर्यादेखाली, सुमारे ६० टक्क्यांखाली, असेपर्यंत लोखंड अत्यंत सावकाश गंजते. ती मर्यादा ओलांडताच गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो. पृष्ठभागावर मीठ असले की ही मर्यादा आणखी खाली येते. शुद्ध सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्के आर्द्रतेस हवेतील बाष्प शोषून चिघळू लागते. परंतु सागरी लवणात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, व ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेसच चिघळते. पावसाळ्यात बरणीतील खड्याच्या मिठाला पाणी सुटते, ते याच गुणामुळे. किनाऱ्यावरील हवेची आर्द्रता ३३ टक्क्यांखाली क्वचितच जाते. तेव्हा न धुतलेल्या गाड्यावरील लवण पांढरे व कोरडे दिसले तरी त्याच्या कणांभोवती बहुतेक काळ ओलाव्याचा एक पातळ पापुद्रा असतोच.

हा पापुद्रा खुद्द समुद्रापेक्षाही घातक ठरतो. खोल पाण्यात बुडालेल्या लोखंडापर्यंत प्राणवायू सावकाश पोहोचतो. पातळ पापुद्र्यातून तो सहज पोहोचतो. रात्री दव पडून पापुद्रा जाड होतो, दिवसा तो आटतो, आणि या दैनंदिन चक्रात क्षरण अधिकच बळावते. यासंबंधी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मिठाच्या विद्रावाची संहती वाढवीत नेल्यास लोखंड गंजण्याचा वेग प्रथम वाढतो, सुमारे ३ ते ३.५ टक्के संहतीस तो कमाल होतो व पुढे प्राणवायूची विद्राव्यता घटल्यामुळे कमी होऊ लागतो. सागरजल नेमके या कमाल बिंदूच्या आसपास आहे. वाळून घट्ट झालेल्या लवणावर ओंजळभर पाणी शिंपडून ते तसेच राहू देणे म्हणजे त्या लवणास पुन्हा या घातक संहतीकडे नेणे होय. अर्धवट धुण्याने समाधान मिळते, संरक्षण मिळत नाही.

दडलेल्या जागा

गाड्याची उघडी चौकट पावसानेही थोडीफार धुतली जाते. खरी हानी दडलेल्या जागी होते. एकावर एक रचलेल्या पाट्यांमधील फटी, पोकळ नळीच्या चौकटीचा अंतर्भाग, ब्रेकच्या पिंपातील पोकळी, नट-बोल्टांच्या चकत्यांखालचा भाग, या ठिकाणी खारे पाणी शिरते. परंतु ऊन व वारा तेथे शिरत नाहीत. गंजाचे आकारमान मूळ लोहाच्या कित्येक पट असल्यामुळे पाट्यांमध्ये साचलेला गंज त्यांना पाचरीप्रमाणे दूर ढकलतो. पोकळ नळी तर आतून झिजते. वरचा रंग शाबूत असताना पत्रा कागदाइतका पातळ झालेला असू शकतो.

चाकाच्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये, याहून सूक्ष्म प्रकार घडतो. रस्त्यावरील प्रवासाने तुंबा व आतील बेअरिंगे तापलेली असतात. तशाच स्थितीत गाडा थंड पाण्यात उतरविला म्हणजे आतील हवा एकदम आकुंचन पावते व रबरी सीलच्या कडेने खारे पाणी आत ओढून घेते. आतील ग्रीस दुधाळ दिसू लागले तर पाणी शिरल्याची ती निश्चित खूण समजावी. बेअरिंगच्या गुळगुळीत पोलादावर एकदा गंजाचे खड्डे पडले की पुढील लांबच्या प्रवासात ते अतिशय तापते आणि शेवटी जखडते. भरधाव मोटारीमागून चाक निखळणे ही केवळ आर्थिक हानी नव्हे. मागून येणाऱ्या वाहनातील माणसांच्या प्राणांशी तिचा संबंध आहे.

दृष्टीआड चाललेल्या क्षरणाचा दाहक अनुभव आपल्या प्रदेशासही आहे. पणजी येथील मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटच्या आतील ताणलेल्या पोलादी तारांचे क्षरण हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. पूल आणि गाडा यांत तुलना नाही. परंतु खाडीच्या व समुद्राच्या सान्निध्यात पोलादाची परीक्षा त्याच्या बाह्य रूपावरून करू नये, हा धडा दोन्ही ठिकाणी एकच आहे.

धुण्याचे गणित

रसायनशाळेत अवक्षेप धुताना विद्यार्थ्यास सांगितले जाते की, सर्व पाणी एकदम ओतू नये. थोडे थोडे पाणी घेऊन अनेक वेळा धुवावे. हाच नियम येथेही लागू पडतो. समजा, पोकळ नळीच्या एका कोपऱ्यात नेहमी १०० मिलिलिटर पाणी साचून राहते. ते सागरजल असल्यास त्यात सुमारे साडेतीन ग्रॅम लवण असेल. आता ९०० मिलिलिटर गोडे पाणी एकदम घालून मिसळू दिले व निथळू दिले, तर कोपऱ्यात एक दशांश, म्हणजे सुमारे ३५० मिलिग्रॅम लवण उरेल. तेच ९०० मिलिलिटर पाणी ३०० मिलिलिटरच्या तीन हप्त्यांत घालून दर वेळी निथळू दिले, तर प्रत्येक वेळी एक चतुर्थांश लवण उरत जाऊन शेवटी एक चौसष्टांश, म्हणजे सुमारे ५५ मिलिग्रॅम शिल्लक राहील. पाणी तेवढेच, फळ मात्र सहापट. नळाच्या पाण्यातील अल्प लवण या हिशेबात धरलेले नाही.

यावरून व्यवहाराचे नियम सहज निघतात. पहिला नियम असा की, खारे पाणी वाळण्यापूर्वी गाडा धुवावा. किनाऱ्यावर नळ असल्यास तेथेच, नसल्यास घरी पोहोचताच. दुसरा, पाण्याच्या जोरापेक्षा त्याच्या भरपूरपणावर व निथळण्यावर भर द्यावा. प्रखर फवारा सीलच्या कडेवर धरल्यास तो लवणासह पाणी आत ढकलतो. तिसरा, गाड्याचे एक टोक उंच करून पोकळ नळ्यांत वरच्या टोकाने पाणी सोडावे व खालची छिद्रे मोकळी ठेवावीत. चौथा, पाट्यांच्या व ब्रेकच्या भागास दोन-तीन वेळा, मध्ये निथळण्यास अवकाश देऊन, धुवावे. पाचवा, धुतलेला गाडा ताडपत्रीखाली न झाकता वाऱ्यावर वाळू द्यावा. आणि तुंब्याच्या बाबतीत धुण्यापेक्षाही श्रेयस्कर उपाय म्हणजे समुद्रावर पोहोचल्यावर चाके हातास गार लागेपर्यंत थांबणे.

धुणे पुरेसे झाले की नाही, हे पाहण्याची साधी कसोटी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास ठाऊक आहे. निथळणाऱ्या पाण्याचा नमुना परीक्षानलिकेत घेऊन त्यात विरल नायट्रिक अम्ल व सिल्व्हर नायट्रेटचे काही थेंब घालावेत. क्लोराइड असल्यास पांढरा अवक्षेप येतो. नळाच्या पाण्यातही थोडे क्लोराइड असतेच. म्हणून त्याचा नमुना शेजारी ठेवून तुलना करावी. दोन्ही नलिकांतील गढूळपणा सारखा दिसू लागला की पाण्याने जेवढे साधण्याजोगे होते तेवढे साधले, असे समजण्यास हरकत नाही.

जस्ताचे कवच व त्याची मर्यादा

चांगल्या प्रतीचे गाडे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले असतात. फ्रान्समधील सोरेल यांनी १८३७ मध्ये या पद्धतीचे एकस्व घेतले. जस्त लोहापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ओरखडा पडला तरी ते स्वतः झिजून लोहाचे रक्षण करते. हे रक्षण अक्षय नव्हे. अशा लेपाची जाडी साधारणतः ७० ते ८५ मायक्रॉन असते, आणि अति क्षारक अशा सागरी हवेत दरवर्षी सुमारे ४ ते ८ मायक्रॉन जस्त नष्ट होऊ शकते. मोकळ्या हवेत जस्तावर कार्बोनेटयुक्त चिवट थर बनतो व झीज मंदावते. मिठाच्या ओलाव्यात तो थर टिकत नाही. म्हणजे धुण्याने आपण लोखंडापूर्वी जस्ताचे आयुष्य वाढवीत असतो. लवण काढण्यासाठी तीव्र अम्ल वा तीव्र अल्क वापरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण जस्त दोहोंतही विरघळते.

ज्या ठिकाणी गंज एकदा मूळ धरून बसला आहे, तेथे निव्वळ पाण्याचा उपयोग अल्प होतो. गंजाच्या थराखाली अडकलेले क्लोराइड वरून ओतलेल्या पाण्याने सहज निघत नाही. तेथे गंज खरवडून, धुऊन, वाळवून मगच रंग द्यावा लागतो. तसे न करता गंजावरच रंग चढविणे म्हणजे शत्रूस आत कोंडून दारास कुलूप लावण्यासारखे आहे.

वर वर्णन केलेला गाडा आपल्या किनाऱ्यावर अद्याप क्वचितच दिसतो. परंतु होडीचे यंत्र, बर्फ वाहणारी हातगाडी, मासळीच्या टेम्पोचा तळ, दारातील सायकल यांस हेच रसायन लागू आहे. गोडे पाणी किनाऱ्यावर मौल्यवान असते, विशेषतः उन्हाळ्यात. म्हणून ते किती ओतले यापेक्षा कोठे, केव्हा व कितीदा ओतले याचा विचार अधिक अगत्याचा आहे. वेळीच व योग्य जागी ओतलेली एक बादली पुढे रंगाच्या कित्येक डब्यांचा आणि प्रसंगी एखाद्या अपघाताचा खर्च वाचवू शकते.