नाताळाचा अर्थ

राजूरच्या गणपतीला अंगारकी चतुर्थीस किती गर्दी लोटते, हे आपणांस सांगावयास नको. गावोगावची माणसे रात्रीच पायी निघतात. अशा गर्दीत एखादे गरीब जोडपे उशिरा पोचले, त्यातली बाई दिवस भरलेली असली, तर तिला पाठ टेकावयास जागा कोण देईल? नाताळाचा अर्थ समजावून घ्यावयाचा तर या प्रश्नापासून आरंभ करणे बरे.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याचा अर्थ जन्म. २५ डिसेंबर ही तारीख बायबलात नाही. ती चौथ्या शतकात रोम येथे रूढ झाली. महत्त्व आहे ते जन्मकथेला. लूक सांगतो की, रोमचा बादशहा औगुस्त याने शिरगणतीचा हुकूम काढला. नासरेथचा योसेफ, हातांवर पोट असलेला सुतार, गरोदर मरीयेला घेऊन आपल्या पूर्वजांच्या गावी, बेथलेहेमास गेला. वाट शंभर किलोमीटरांहून अधिक. उतारशाळेत जागा नव्हती. मूल जन्मले ते बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवले. ही वार्ता राजाच्या आधी पोचली ती रात्री जागून मेंढरे राखणाऱ्या धनगरांना. पुढे हेरोद राजाच्या भयाने हे कुटुंब मिसर देशास पळाले, असे मत्तय सांगतो. ही कथा मराठीस परकी नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले.

कोणी म्हणेल, यात नवल ते काय? आपला कृष्णही कारागृहात जन्मला आणि रातोरात गोकुळात गेला. साम्य खरेच आहे. परंतु ख्रिस्ती विचाराचा भर कोठे आहे तो पाहावा. देवाने मनुष्यदेह एकदाच घेतला आणि तो पुरता घेतला, असे हा धर्म मानतो. भूक, थंडी, कष्ट, मरण यांपैकी कशातूनही त्याने सूट घेतली नाही. त्याने स्वतःला रिते केले, असे पौलाचे सांगणे आहे. वरून मदत धाडणे निराळे आणि खाली येऊन त्याच स्थितीत राहणे निराळे. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना हा भेद लवकर कळतो. दिवाळीस मिठाई वाटणाऱ्या मालकाचे आम्ही आभार मानतो. पण संपात आमच्याबरोबर उपाशी राहतो तो आमचा.

हा विचार आपल्या मुलखातही येऊन राबला आहे. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले आणि जवळच बेथेल नावाची वसाहत वसविली. तीत मातंग समाजातील कुटुंबे होती. बेथेल म्हणजे देवाचे घर. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. धर्मांतराविषयी आपले मत काहीही असो, गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांस हक्काची जागा देणे, हे गव्हाणीच्या कथेला धरूनच होते.

आता आजचे पाहा. दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातील कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. नाताळ येतो तो ऐन हंगामात. त्या थंडीत फडाजवळच्या कोपीत आपल्या लेकीसुना बाळंत होतात, आणि चार दिवसांत पुन्हा मोळी उचलण्याची पाळी त्यांच्यावर येते. मुकादमाच्या वहीत त्यांचा आकडा असतो. औगुस्ताच्या शिरगणतीतही ते मूल एक आकडाच होते. त्या आकड्याला देव म्हणावयाचे, एवढे धाडस या धर्माने केले.

हे धाडस नुसते दिवे लावून आणि केक वाटून पुरे होत नाही. त्याची कसोटी जागेची आहे. जो ख्रिस्ती आहे त्याने ती आपल्या श्रद्धेने द्यावी. जो नाही त्याने माणुसकीने द्यावी. कोपीतल्या बाळंतिणीला दाई, दवाखाना आणि बाळंतपणाची भरपगारी रजा हक्काने मिळावी, अशी मागणी आपण सर्वांनी मिळून करू या. तिला पाठ टेकावयास जागा मिळाली, तर नाताळाचा अर्थ आपणांस कळला असे म्हणता येईल.