अर्धा तास उभं राहता येतं का?

गेल्या ३० दिवसांत सलग अर्धा तास उभं राहताना तुम्हाला कितपत त्रास झाला? किलोमीटरभर चालताना? अंगभर आंघोळ करताना, कपडे घालताना? घरची जबाबदारी सांभाळताना? अनोळखी माणसाशी बोलताना? सणावाराला, गावच्या कार्यक्रमाला इतरांसारखं जाताना? असे एकूण १२ प्रश्न आहेत. प्रत्येकाला पाच उत्तरं: अजिबात नाही, थोडा, बऱ्यापैकी, खूप आणि शेवटचं, जमलंच नाही. ही प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेची. २००७ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या आपल्या शिरूर-हवेली पट्ट्यातल्या ५,४३० जणांच्या पाहणीत ती वापरली गेली. सगळे पन्नाशीच्या पुढचे. विचारणारे होते वढू बुद्रुकच्या संशोधन केंद्रातले लोक.

या १२ प्रश्नांत आजार कोणता, अधू अवयव कुठला, टक्के किती, यातलं काहीच नाही. विचारलंय ते एवढंच, की रोजचं जगणं कुठे अडतं. मला हे फार मोलाचं वाटतं. एकाच दुखण्याचे दोन गुडघे घ्या. एक पुण्यातल्या इमारतीत, जिथे लिफ्ट आहे, कमोड आहे, भाजी दारात येते. दुसरा वाडीवरच्या घरात. तिथे संडास अंगणाच्या टोकाला, तोही उकिडवं बसण्याचा. पाण्याचा नळ उताराला आणि एसटीचा फाटा दीड किलोमीटरवर. क्ष-किरणाच्या फोटोत दोन्ही गुडघे सारखे दिसतील. पण पहिल्या घरातली बाई दुखणं सांभाळून संसार करते आणि दुसरीचं बाहेर पडणंच बंद होतं. अपंगत्वाचा मोठा वाटा शरीराबाहेर, रस्त्यात, उंबऱ्यात, नळाच्या अंतरात असतो. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार २००६ मध्ये झाला, भारताने त्याला २००७ मध्ये मान्यता दिली आणि २०१६ च्या आपल्या कायद्यानेही हीच भूमिका घेतली. कायद्याच्या यादीत आता अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात ते सात होते. तरी आरक्षणासारखे मुख्य लाभ घ्यायचे तर ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतंच आणि ते टक्के डॉक्टर शरीरावरच मोजतात.

वढूला हे काम कसं सुरू झालं, ते सांगायला हवं. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी सत्तरच्या दशकात या भागात येऊ लागल्या. बाळंतपणात दगावणाऱ्या बाया त्यांनी शहरातल्या रुग्णालयात पाहिल्या होत्या. त्यांना वाचवायचं तर गावातच गेलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्याचं काम त्यांच्या हाती द्यायचं, ही त्यांची पद्धत. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वढूला ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं आणि २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची कायमची नोंदणी सुरू झाली. घरोघर जाऊन, ठरावीक काळाने पुन्हा जाऊन, कोण जन्मलं, कोण गेलं, कोण गाव सोडून गेलं, कोण नव्याने राहायला आलं, हे टिपत राहायचं. लाखावर लोकवस्तीची ही नोंद वर्षानुवर्षं चालू ठेवायला चिकाटी लागते. कारखानदारीमुळे नगर रस्त्याची गावं झपाट्याने बदलली. भाड्याच्या खोल्यांतली माणसं दर काही महिन्यांनी बदलतात. ती शोधत हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांचे कष्ट शोधनिबंधाच्या एखाद्या ओळीतही मावत नाहीत.

जगात अशी नोंदणी चालवणारी अनेक केंद्रं आहेत. त्यांतल्या आशिया-आफ्रिकेतल्या आठ केंद्रांनी एकत्र येऊन म्हाताऱ्या माणसांची ही पाहणी केली. घानातलं नवरोंगो, बांगलादेशातलं मतलब, दक्षिण आफ्रिकेतलं अ‍ॅगिनकोर्ट, आणि त्यांच्या जोडीला आपलं वढू. आठही ठिकाणचे मिळून ४६ हजारांवर लोक. वढूचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. लिहिणारे डॉ. सिद्धिविनायक हिरवे, डॉ. संजय जुवेकर, पल्लवी लेले आणि धीरज अग्रवाल. यांतले जुवेकर मानववंशशास्त्रातले. डॉक्टरांच्या जोडीला माणसाच्या रीतीभाती जाणणारा संशोधक असणं अशा कामात किती उपयोगी पडतं, हे निबंध वाचताना कळतं.

त्यांना दिसलं ते असं. वय वाढेल तसं अडणं वाढतं, हे अपेक्षितच. पण शिक्षण कमी तसंही अडणं वाढतं. बायकांचं पुरुषांपेक्षा जास्त अडतं. आणि ज्यांचा जोडीदार हयात नाही, अशा अतिवृद्धांची स्थिती आणखी वाईट. हे चालण्यापुरतं किंवा दिसण्यापुरतं नव्हतं. चालणं, स्वतःची निगा, वेदना, स्मरण, नाती, झोप, मनःस्थिती, दृष्टी, सगळीकडे तेच. गंमत अशी, की घरच्या सुबत्तेने फारसा फरक पडलेला दिसला नाही. गरीब आणि सधन घरांतल्या म्हाताऱ्यांनी आपल्या हिंडण्याफिरण्याबद्दल, कामाबद्दल साधारण सारखंच सांगितलं. घरात पैसा असला म्हणजे तो सासूच्या चष्म्यापर्यंत पोहोचतोच असं नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. २००७ मध्ये पन्नाशी पार केलेली बाई १९५७ च्या आधी जन्मलेली. शेतावर राबलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली, सातबाऱ्यावर नाव नसलेली अशी त्या पिढीतली बाई आपल्या सगळ्यांच्याच घरात होती.

आता याच्या शेजारी जनगणनेचा आकडा ठेवा. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, म्हणजे २.२१ टक्के. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. देशभरात पुरुषांमधलं प्रमाण २.४ टक्के आणि स्त्रियांमधलं २.०. म्हणजे जनगणनेला अपंग बायका पुरुषांपेक्षा कमी सापडल्या, आणि वढूच्या अंगणात बसून विचारलं तेव्हा बायकांचंच जास्त अडत होतं. दोन्ही पाहण्यांची वयं वेगळी, पद्धत वेगळी, त्यामुळे आकड्यावर आकडा ठेवता येणार नाही. तरीही ही तफावत मला स्वस्थ बसू देत नाही. जनगणनेत प्रत्येकाबद्दल थेट विचारतात, ही व्यक्ती अपंग आहे का? उत्तर बहुधा घरातला कर्ता पुरुष देतो. लग्नाच्या मुलीचं ऐकू न येणं तो सांगत नाही. आईला दिसत नाही हे त्याला अपंगत्व वाटत नाही, म्हातारपण वाटतं. आणि बाई स्वतःबद्दल बोलायला ओट्यापासून पुढे येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या अहवालात जगातल्या अपंगत्वाचा अंदाज १५ टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडची माणसं सातपट धडधाकट आहेत असं कुणी म्हणणार नाही. फरक बराचसा विचारण्यातला आहे.

पण माणसाने स्वतःबद्दल सांगितलेलं खरं धरायचं का? हा आक्षेप जुना आहे आणि रास्तही आहे. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तो मांडला होता. केरळमध्ये तेव्हा आयुर्मान देशात सर्वांत जास्त, तरी आजारी असल्याचं सांगणारेही तिथेच जास्त. बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि तक्रारही कमी. ज्याला दवाखाना दिसत नाही, तो दुखणं दुखणं म्हणून ओळखतच नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचं तेच. ‘कसं काय आजी?’ विचारलं की ‘बरं हाय’ हे उत्तर ठरलेलं. कंबर मोडलेली असली तरी.

वढूच्या पाहणीत यावर एक चांगली युक्ती वापरली होती. आधी माणसाला स्वतःचं विचारायचं. मग एखाद्या काल्पनिक माणसाची छोटी हकिगत सांगायची. समजा, अमुक एक बाई आहे, सपाटीवर चालते, पण जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागतं. तिला कितपत त्रास आहे असं तुम्ही म्हणाल? ऐकणाऱ्याने याला ‘काहीच त्रास नाही’ म्हटलं, तर त्याची सहनशक्तीची पट्टी कळते. मग त्याच पट्टीने त्याचं स्वतःबद्दलचं उत्तर वाचायचं. हकिगती सगळ्यांना त्याच, त्यामुळे शिकलेल्या आणि न शिकलेल्या, घानातल्या आणि वढूतल्या माणसांची उत्तरं एका पातळीवर आणता येतात. ओसरीवर बसून दुसऱ्या बाईच्या दुखण्यावर मत द्यायला आपल्या आज्यांना अवघड जात नाही. त्या बोलत्या होतात.

याच संशोधनाचा पुढचा टप्पा मला अधिक हलवून गेला. नोंदणी चालूच असल्यामुळे, पाहणीत उत्तरं देणाऱ्यांचं पुढे काय झालं तेही कळत होतं. ‘आज तुमची तब्येत कशी आहे?’ या साध्या प्रश्नाला ज्यांनी ‘वाईट’ म्हटलं होतं, त्यांच्यात पुढल्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. तपासणी नाही, रक्त काढणं नाही. म्हातारं माणूस आपल्या तोंडाने सांगतं त्यात तथ्य असतं, हे शिरूर-हवेलीच्या नोंदींनी दाखवून दिलं. डॉ. हिरवे यांनी याच विषयावर स्वीडनच्या उमिओ विद्यापीठात प्रबंध सादर केला.

२०१० च्या निबंधातल्या एका निष्कर्षाशी मात्र मी पुरता सहमत नाही. जोडीदार गेलेल्यांचं अडणं जास्त असलं, तरी ‘एकूण आयुष्य कसं चाललंय’ याबद्दलचं त्यांचं उत्तर फारसं वेगळं नव्हतं. संशोधकांना वाटलं, एकत्र कुटुंब सांभाळून घेत असावं. तेव्हा ते खरं असेलही. पण आज रांजणगावच्या आसपास फिरून पाहा. सून पहिल्या पाळीला, मुलगा तिसऱ्या पाळीला, नातवंडं शाळेत. जमिनीचा तुकडा औद्योगिक वसाहतीत गेलेला, घर दुमजली झालेलं आणि म्हातारी वरच्या मजल्यावर. फरशी गुळगुळीत, जिन्याला कठडा एकाच बाजूने. घर एकत्र आहे, पण दिवसाचे नऊ तास त्यात दुसरं कुणी नाही. ‘मुलं चांगली आहेत’ असं ती सांगेल, आणि ते खरंच असेल. ही उत्तरं मी समाधान म्हणून वाचायला कचरतो.

रांजणगाव मी मुद्दाम घेतलं. अष्टविनायकांतला महागणपती इथला. चतुर्थीला दर्शनाची रांग लागते, भाद्रपदात द्वारयात्रा निघते. ‘सणासमारंभात सहभागी होता येतं का’ या प्रश्नाची कसोटी इथे डोळ्यांसमोर असते. रांगेत अर्धा तास उभं राहता न येणारी माणसं अनेकदा घरातूनच हात जोडतात, त्यामुळे रांगेकडे पाहून त्यांची संख्या कळत नाही. पुणे-नगर रस्ता गावाला लागून जातो. ट्रक, कंटेनर, कामगारांच्या बस. काठी टेकत तो ओलांडणं हे किलोमीटरभर चालण्याहून कठीण. पलीकडे औद्योगिक वसाहत. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के जागा राखीव आहेत, खासगी कारखान्यांना तसं बंधन नाही. मनुष्यबळात ५ टक्के दिव्यांग घेणाऱ्या मालकांना सरकारने सवलती द्याव्यात, इतकंच कायदा म्हणतो.

ग्रामपंचायतीला मात्र बंधन आहे. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा राज्याचा नियम आहे. कारखान्यांशेजारच्या पंचायतीला हे ५ टक्के किरकोळ नाहीत. पण लाभार्थी ठरतात ते प्रमाणपत्रावरून. अंगणाच्या टोकापर्यंत न जाऊ शकणाऱ्या पंच्याहत्तरीच्या निरक्षर विधवेकडे प्रमाणपत्र असण्याची शक्यता कमी. त्यासाठी सरकारी रुग्णालयापर्यंत तिला नेणार कोण? राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाने या बाईपर्यंत पोहोचायचं ठरवलं, तर नवीन यंत्रणा उभारायचीही गरज नाही. गावची आशाताई असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी तिशीच्या पुढच्यांचा जो फॉर्म भरते, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, आंघोळीला, कपड्यांना, संडासला जायला कुणाची मदत लागते का, घरच्यांची नावं विसरायला होतात का. वढूच्या प्रश्नांची ही सख्खी भावंडं. फॉर्म भरून आरोग्य उपकेंद्रात जातो. त्यातल्या ‘होय’ उत्तरांची घरं, त्या माणसांची संमती घेऊन, ग्रामपंचायतीच्या टेबलावर ५ टक्क्यांचा खर्च ठरायच्या आधी आली पाहिजेत. मग कुणाच्या संडासात कमोड आणि भिंतीला धरायला दांडी, कुणाच्या जिन्याला दुसरा कठडा, कुणाच्या दारापर्यंत नळ, हे ग्रामसभेला वाडीवार ठरवता येईल.