मिसिसिपीकांठचा अजिंक्य संघ

अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळाचा पायाशीं फारसा संबंध नाहीं, ही गोष्ट आमच्या घरीं प्रथम आत्याबाईंच्या ध्यानांत आली. फेब्रुवारींतल्या एका सोमवारीं पहांटें मुलें दूरचित्रवाणीपुढें गोळा होऊन त्या देशाचा मोठा अंतिम सामना पाहत होतीं. आत्याबाई कांहीं वेळ दाराशीं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे चेंडू काखेंत मारून पळतात काय? लाथ मारायची बंदी आहे का ह्यांना?" त्यांच्या प्रश्नास उत्तर शोधतां शोधतां आम्हीच त्या खेळाच्या नादीं लागलों, आणि मोठमोठ्या संघांच्या हकीकती वाचीत असतां एका लहानशा संघापाशीं येऊन थांबलों. त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

हा संघ म्हणजे क्वाड सिटी स्टीमव्हीलर्स. सन २००० मध्यें त्यानें आपला पहिला मोसम खेळला. साखळींतले सोळाही सामने त्यानें जिंकले. नंतरचे बादफेरीचे दोन व अंतिम सामना, तेही जिंकले. एकूण सामने एकोणीस आणि जय एकोणीस. अंतिम सामन्यांत टेनेसी व्हॅली व्हायपर्स ह्या संघावर त्याची ६८ विरुद्ध ५९ अशी सरशी झाली. पुढच्या वर्षीं रिचमंड स्पीड ह्या संघास ५५-५१ असें हरवून तोच चषक त्यानें पुनः घरीं नेला. आणि दहा मोसम खेळून २००९ सालीं हा संघ नाहींसा झाला. मैदानावरील पराभवानें तो संपला असें नव्हे. ज्या लीगच्या आधारावर तो उभा होता ती लीगच उरली नाहीं.

प्रथम गांवाची ओळख करून घेऊं. मिसिसिपी ही महानदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. परंतु आयोवा व इलिनॉय ह्या राज्यांच्या सीमेवर एके ठिकाणीं वळण घेऊन ती कांहीं मैल पश्चिमवाहिनी होते. तेथें उत्तर तीरावर डॅव्हनपोर्ट व बेटेनडॉर्फ आणि दक्षिण तीरावर रॉक आयलंड, मोलाइन व ईस्ट मोलाइन अशीं शहरें एकमेकांस खेटून वसलीं आहेत. ह्या समूहास ‘क्वाड सिटीज’ म्हणजे चार शहरें म्हणतात. मोजूं गेल्यास पांच भरतात. पूर्वी तर तीनच मोजीत व ‘ट्राय सिटीज’ म्हणत. नांव बदलतां बदलतां लोक मागें पडले आणि गांवें पुढें गेलीं! २००० सालीं ह्या सर्वांची व आसपासच्या मुलखाची मिळून वस्ती पावणेचार लाखांच्या घरांत होती. मोलाइन हें जॉन डीअर नांवाच्या लोहाराचें गांव. पोलादी फाळाचा नांगर घेऊन तो १८४८ सालीं येथें आला. त्याच्या नांवाच्या कंपनीचे ट्रॅक्टर आज आपल्या पुण्याजवळ सणसवाडीस तयार होतात, म्हणून तें नांव आपल्या शेतकऱ्यांसही अपरिचित नाहीं.

संघाचें नांव नदीवरून पडलें. मोठें चाक फिरवीत जाणाऱ्या वाफेच्या बोटी एके काळीं मिसिसिपीवर राज्य करीत. त्या राज्यास पहिला धक्का बसला तो ह्याच ठिकाणीं. १८५६ च्या एप्रिलांत रॉक आयलंड व डॅव्हनपोर्ट ह्यांच्या दरम्यान मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल खुला झाला, आणि दोन आठवडे होतात न होतात तोंच ‘एफी अ‍ॅफ्टन’ नांवाची बोट त्याच्या खांबावर आदळून पेटली. बोट जळाली आणि पुलाचा एक गाळाही जळाला. बोटीच्या मालकांनीं पूलवाल्यांवर फिर्याद केली. १८५७ मध्यें शिकागो येथें खटला उभा राहिला, तेव्हां पुलाच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या वकिलांत अब्राहम लिंकन हे एक होते. पंचांचें एकमत झालें नाहीं. परंतु पूल राहिला, आगगाडी धांवूं लागली आणि बोटींचा काळ ओसरत गेला. अशा मावळलेल्या वैभवाचें नांव संघानें हौसेनें घेतलें होतें.

संघ गमावण्याची ह्या गांवांना ती पहिलीच वेळ नव्हती. ज्या नॅशनल फुटबॉल लीगचा सामना पाहून आत्याबाईंनीं प्रश्न केला, त्या लीगच्या मूळ संघांत रॉक आयलंड इंडिपेंडंट्स हा एक होता. २६ सप्टेंबर १९२० रोजीं रॉक आयलंडच्या डग्लस पार्कवर त्यानें सेंट पॉल आयडियल्सचा ४८-० असा धुव्वा उडविला. लीगमधील संघानें खेळलेला तो पहिला सामना म्हणून इतिहासकार त्याचा उल्लेख करतात. विख्यात जिम थॉर्प १९२४ सालीं ह्याच संघाकडून खेळला. १९२६ मध्यें हा संघ प्रतिस्पर्धी लीगमध्यें गेला, ती लीग एका वर्षांत बुडाली आणि तिच्या पाठोपाठ संघही. पुढें १९४६ सालीं बास्केटबॉलचा एक संघ बफेलोहून मोलाइनला आला व ट्राय सिटीज ब्लॅकहॉक्स ह्या नांवानें खेळूं लागला. १९५१ मध्यें तो मिलवॉकीस गेला, तेथून सेंट लुइसला, आणि १९६८ पासून अटलांटा हॉक्स म्हणून तो नांदत आहे. माहेरची आठवण म्हणून नांवाचा तेवढा अर्धा तुकडा त्यानें जवळ ठेवला आहे.

आतां स्टीमव्हीलर्स खेळत तो खेळ. मैदानी फुटबॉलची जागा शंभर यार्ड लांब आणि सुमारें त्रेपन्न यार्ड रुंद असते व बाजूस अकरा गडी असतात. जिम फॉस्टर नांवाचे आयोवाकर गृहस्थ १९८१ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें छपराखालीं चाललेला सॉकरचा सामना पाहत होते. आपला फुटबॉलही असा घरांत आणतां येईल असें त्यांच्या मनांत आलें, आणि जवळ एक लखोटा होता त्याच्यावरच त्यांनीं मैदानाचा नकाशा काढला. लांबी पन्नास यार्ड, रुंदी सुमारें अठ्ठावीस, गडी आठ. कडेला चुन्याच्या रेषेऐवजीं गाद्या लावलेली भिंत. गोलाच्या खांबांच्या दोन्ही अंगांस ताणलेलीं उंच जाळीं, प्रत्येक तीस फूट रुंद व बत्तीस फूट उंच. चेंडू जाळ्यावर आदळून परत आला कीं खेळ न थांबतां चालूच राहतो आणि त्यावर दोन्हीकडचे गडी तुटून पडतात. हल्ला व बचाव ह्या दोन्ही बाजू त्याच गड्यांना सांभाळाव्या लागत. चेंडू प्रेक्षकांत गेला तर ज्याच्या हातीं लागेल त्याचा झाला; तो परत मागत नाहींत! मुलांना हा नियम सर्वांत आवडला, हें सांगणें नकोच.

ह्या कल्पनेच्या मुळाशीं व्यवहारही होता. बर्फावरची हॉकी हिवाळ्यांत खेळतात. उन्हाळ्यांत तीं मोठमोठीं क्रीडागृहें रिकामीं पडतात. तेथें कांहीं तरी चालविलें तर मालकास भाडें मिळतें आणि गांवास करमणूक. १९८६ सालीं इलिनॉयमधील रॉकफर्ड येथें प्रयोगाचा सामना झाला, १९८७ मध्यें चार संघांची अरीना फुटबॉल लीग सुरू झाली, आणि १९९० मध्यें फॉस्टरना जाळ्यांसकट ह्या खेळाचें पेटंट मिळालें. त्यामुळें दुसऱ्या कोणास छपराखालीं फुटबॉल खेळवावयाचा तर तो जाळ्यांवांचून खेळवावा लागे.

ह्या लीगनें २००० सालीं लहान शहरांकरितां आपली धाकटी पाती काढली. पहिल्या वर्षीं तिच्यांत पंधरा संघ होते आणि त्यांतला मोलाइनचा संघ उभा करणारे खुद्द फॉस्टरच होते. १९९३ सालीं बांधून झालेलें ‘द मार्क’ हें क्रीडागृह त्याचें घर झालें. गड्यांचें वेतन सामान्यतः सामन्यास दोनशें डॉलर, व जिंकल्यास वर पन्नास. म्हणजे साखळींतले सोळाच्या सोळा सामने जिंकणाऱ्यासही ह्या दरानें चार हजारांवर मिळत नव्हते. एवढ्यावर कोणाचें घर चालेल? मग ते खेळत कशासाठीं? ह्याचें उत्तर त्याच वर्षाच्या जानेवारींत मिळालें होतें. कर्ट वॉर्नर नांवाचा तरुण १९९४ सालीं आयोवांतल्या सीडर फॉल्स येथें किराणा मालाच्या दुकानांत रात्रपाळीस फळ्यांवर माल लावीत असे. नंतर तीन मोसम तो फॉस्टरच्याच दुसऱ्या संघांत, डे मॉइनच्या आयोवा बार्नस्टॉर्मर्समध्यें, छपराखालचा फुटबॉल खेळला. आणि जानेवारी २००० मध्यें सेंट लुइसच्या संघास त्यानें देशाचें अजिंक्यपद मिळवून दिलें, त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. अवघ्या कांहीं महिन्यांनंतर, त्याच राज्याच्या सीमेवर, दोनशें डॉलरांवर मैदानांत उतरणाऱ्या कोणत्या तरुणाच्या मनांत वॉर्नर नसेल? त्या एकोणीस विजयांमागें ही आशा होती असें आम्हांस वाटतें.

लीगच्या चालकांना मात्र पहिल्या यशाची धुंदी चढली. पंधराचे दुसऱ्या वर्षीं अठ्ठावीस आणि तिसऱ्या वर्षीं चौतीस संघ झाले. लहान गांवांच्या ह्या लीगनें एक संघ तर थेट हवाई बेटांत, समुद्रापलीकडे काढला. तो तीन मोसमांत आटोपला. आज संघ निघतो, दोन वर्षांनीं बुडतो, असें सर्वत्र चाललें होतें. त्या गर्दींत स्टीमव्हीलर्स दरसाल न चुकतां खेळत राहिले, हें आम्हांस त्या एकोणीस विजयांहूनही मोठें वाटतें.

डिसेंबर २००८ मध्यें थोरल्या लीगनें पुढचा मोसम रद्द केला. कर्जाचा डोंगर झाला होता. पुढल्या वर्षीं तिचें दिवाळें वाजलें. धाकट्या लीगची निम्म्याहून अधिक मालकी थोरलीकडे होती. तरीही धाकटीनें २००९ चा मोसम पुरा केला. लास व्हेगास येथें स्पोकेन शॉकनें विल्क्स-बॅरी/स्क्रॅन्टनच्या संघास ७४-२७ असें हरविलें, तो तिचा अखेरचा सामना. पुढच्या वर्षाचा शब्द देण्याची मुदत आली तेव्हां एकाही संघानें शब्द दिला नाहीं, आणि लीग मोडली. त्या डिसेंबरांत थोरल्या लीगची मालमत्ता एकसष्ट लक्ष डॉलरांस विकली गेली व तिच्या नांवानें नवी लीग उभी राहिली. स्पोकेन, टल्सा आदि संघ तींत गेले. मोलाइनचा गेला नाहीं. ही दुसरी लीगही २०१९ सालीं दिवाळखोरींत गेली, तेव्हां न गेल्यानें फारसें नुकसान झालें नसावें!

ह्याच बाबतींत दुसऱ्या एका गांवाची आठवण होते. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे हें जेमतेम लाखभर वस्तीचें शहर रॉक आयलंडच्या मागून, १९२१ सालीं, मोठ्या लीगमध्यें आलें आणि आजही तेथेंच आहे. १९२३ मध्यें पैशांची ओढाताण झाली तेव्हां तेथील लोकांनीं भाग विकत घेऊन संघ गांवाच्या मालकीचा केला. आज पांच लाखांहून अधिक भागीदार आहेत; कोणास नफा मिळत नाहीं, आणि एकट्याच्या मर्जीनें संघ उचलून नेतां येत नाहीं. पुढें लीगनें अशा मालकीस मनाई केली; ग्रीन बे तेवढा अपवाद राहिला. स्टीमव्हीलर्सच्या बाबतींत लोकांकडे तिकिटें होतीं, भाग नव्हते. शिवाय संघ गांवाचा असता तरी लीग कोठून आणणार होते? एकट्यानें सामना खेळतां येत नाहीं.

२०१८ सालीं मोलाइनच्या त्याच क्रीडागृहांत, क्वाड सिटी स्टीमव्हीलर्स ह्याच नांवाचा नवा संघ उतरला; २०१९ पासून तो इंडोर फुटबॉल लीगमध्यें खेळूं लागला. मालक नवे, गडी नवे. फॉस्टरच्या पेटंटची मुदत २००७ मध्येंच संपली असल्यामुळें जाळीं लावण्यास आतां कोणाची हरकत नव्हती. तरीही ह्या लीगच्या नियमांत जाळीं नाहींत. खांबांच्या बाजूनें गेलेला चेंडू तेथें आतां परत येत नाहीं.