‘देवाचा मित्र’ : ख्रिस्ती परंपरेतील एका संज्ञेचा विचार

ख्रिस्ती धर्मविचारात ईश्वराला पिता, प्रभू, राजा, मेंढपाळ अशा अनेक नावांनी संबोधिले जाते. यांपैकी प्रत्येक नावात श्रेष्ठ-कनिष्ठ हा भेद गृहीत आहे. ‘मित्र’ ही संज्ञा मात्र या मालिकेत सहजी बसत नाही. कारण मैत्री म्हटली की समानता आली, अशी सामान्य समजूत असते. मग स्रष्टा आणि मानव यांच्यामध्ये मैत्री संभवते काय? आणि संभवत असेल, तर भक्तीतील आदराचे काय होते? या प्रश्नांची उकल करण्यासाठी प्रथम मूळ शब्दांकडे वळणे इष्ट ठरते.

जुन्या करारात या संबंधात दोन भिन्न हिब्रू शब्द येतात. यशया (४१.८) आणि दुसरे इतिहास (२०.७) या ग्रंथांत अब्राहामाविषयी ‘ओहेव्’ या शब्दाची रूपे योजिली आहेत. ‘प्रेम करणे’ या अर्थाच्या धातूपासून तो साधलेला असून ‘प्रेम करणारा’ हा त्याचा मूलार्थ होय. निर्गमात (३३.११) मोशेच्या संदर्भात मात्र ‘रेआ’ हा शब्द आढळतो. त्याचा अर्थ सोबती, शेजारी असा असून तेथे समोरासमोर चालणाऱ्या संभाषणावर भर आहे. पहिल्या शब्दात निष्ठा प्रधान, तर दुसऱ्यात सान्निध्य. अब्राहामाची ही उपाधी पुढे याकोबाच्या पत्रात (२.२३) ग्रीक ‘फिलोस’ या शब्दाने येते, अरबी भाषेत तीच ‘खलील’ या रूपाने रूढ झाली आणि हेब्रोन नगराचे अरबी नावही तिच्यावरूनच पडले.

नव्या करारातील सर्वांत महत्त्वाचे स्थळ म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. येथे येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो, आणि त्याचे कारणही देतो. धनी काय करीत आहे हे दासाला ठाऊक नसते. शिष्यांना मात्र पित्याकडून ऐकलेले सर्व कळविलेले आहे. म्हणजे येथे मैत्रीचे लक्षण दर्जाची बरोबरी हे नसून मनोगत उघड करणे हे आहे. तथापि ही मैत्री आज्ञापालनाशी निगडित आहे, आणि निवड शिष्यांनी नव्हे, तर येशूने केलेली आहे. याच ग्रंथात (१९.१२) ‘फिलोस’ हा शब्द पुन्हा भेटतो, तो पिलाताला घातलेल्या धाकात: येशूला सोडल्यास तो कैसराचा मित्र ठरणार नाही. एकीकडे मित्रांसाठी प्राण देणारा, तर दुसरीकडे मर्जी टिकविण्यासाठी निरपराध्याचा प्राण घेऊ देणारा. एकाच शब्दाच्या या दोन प्रयोगांतील विरोध अत्यंत बोलका आहे.

उलट दिशेने, म्हणजे येशू मनुष्यांचा मित्र, असा उल्लेख मत्तयात (११.१९) येतो, पण तो निंदकांच्या तोंडचा आहे. जकातदार आणि पापी यांचा मित्र हे दूषणच पुढे श्रद्धावंतांना भूषण वाटले.

तत्त्वज्ञानाच्या बाजूने खरी अडचण ॲरिस्टॉटलने उभी केली होती. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या आठव्या भागात तो म्हणतो की, दोघांमधील अंतर फार वाढले, जसे देव आणि मनुष्य यांच्यात असते, तर मैत्री टिकत नाही. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने याच ग्रंथातील मैत्रीची व्याख्या घेऊन ख्रिस्ती प्रीती ही ईश्वराशी असलेली मैत्रीच होय, असे प्रतिपादिले. मैत्रीला परस्पर हितेच्छा आणि काही समाईक असणे आवश्यक आहे. ईश्वर आपल्या आनंदात मनुष्याला सहभागी करून घेतो, म्हणून तो आधार निर्माण होतो. अंतर मनुष्याने तोडलेले नसून ईश्वराने कृपेने भरून काढिले आहे. त्यापूर्वीच्या शतकात इंग्लंडमधील रिव्हो मठाचा अधिपती एल्रेड याने आपल्या मैत्रीविषयक संवादात ‘ईश्वर म्हणजे मैत्री’ असे म्हणावे काय, हा प्रश्न चर्चिला. पण शास्त्राधार नसल्यामुळे तसे विधान करण्यास तो कचरला. सोळाव्या शतकात आव्हिलाच्या तेरेसेने मनातील प्रार्थनेला मित्राशी एकान्तात केलेल्या संभाषणाचे स्वरूप दिले.

मराठी वाचकाला येथे नवविधा भक्तीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तिच्यातही दास्य सातवे आणि सख्य आठवे. दासबोधाच्या चौथ्या दशकात रामदासांनी सख्याचे साधन म्हणून देवाला प्रिय असेल तसे वागणे सांगितले आहे. योहानातील आज्ञापालनाच्या अटीशी याचे साम्य उघड आहे. भेद आरंभाविषयी आहे. तेथे भक्त सख्य जोडू पाहतो. योहानात ‘मित्र’ हे नाव प्रथम येशूच देतो.

शब्दांचा इतिहासही येथे उद्बोधक ठरतो. ‘सखा’ हा शब्द ‘सच्’, म्हणजे बरोबर असणे, या धातूशी जोडला जातो. लॅटिन ‘सोकियुस’ त्याचाच आप्त. ‘मित्र’ शब्दाचे अवेस्ती प्रतिरूप ‘मिथ्र’ याचा अर्थ मात्र करार असा आहे. अर्थात आजच्या मराठीत हे मूलार्थ लोपले आहेत. तरीही मोशेचा अनुभव ‘सखा’ या शब्दाच्या, आणि कराराने बांधलेल्या अब्राहामाची उपाधी ‘मित्र’ या शब्दाच्या अधिक निकट जाते, असे म्हणता येईल. ख्रिस्ती परंपरेतील ईश्वरमैत्रीत ही दोन्ही अंगे आहेत: सोबतीची जवळीक आणि दिलेल्या शब्दाचे बंधन. पहिलेच घेतले तर आदर ओसरतो. दुसरेच घेतले तर मैत्रीचे पुन्हा दास्य होते.